दोनशे नव्वद नॉट

उतरणारं विमान दहा हजार फुटांच्या खाली आलं की अडीचशे नॉटपेक्षा जास्त वेगाने पळवायचं नाही, हे अल्माटीतल्या प्रत्येक वैमानिकाला तोंडपाठ असतं. खाली पक्षी असतात, छोटी विमानं असतात, समोरचं दिसून बाजूला व्हायला वेळ लागतो. तरीही कोणी हा नियम मोडलाच, तर तो कागद होऊन रौशानच्या टेबलावर येतो. विमानातल्या नोंदी वाचणं हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. निम्मे वैमानिक तिला वाकून नमस्कार करत आणि उरलेले तिला टाळत.

कॅप्टन येरमुखानना सगळे आदराने आगा, म्हणजे दादा, म्हणत; त्यांचं तसं नव्हतं. चौतीस वर्षं विमान उडवणारा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, नोंदीत कधी बोट ठेवायला जागा नाही. या वसंतात मात्र दोनदा चूक निघाली, आणि आज तिसरी. तीन तासांवरच्या अक्ताऊहून येताना खाली दोनशे नव्वद नॉट! तिसऱ्या खेपेला कॅप्टनपद जातं. शिवाय शेजारी बसलेल्या सहवैमानिक दानियारची बढतीही अडकते, आणि त्या बिचाऱ्याची परीक्षा पुढच्याच महिन्यात होती. संध्याकाळपर्यंत कॅप्टनच्या लेखी खुलाशासकट अहवाल वर जायचा होता.

आगा आले आणि त्यांनी उभ्याउभ्याच खुलासा लिहिला: पाठीमागून वारा होता.

वारा समोरून होता, हे रौशानच्या पुढ्यातच लिहिलेलं होतं. तिने कझाक रीतीप्रमाणे वाटीत चहा ओतला, दूध घातलं, वाटी पुढे केली. आगांनी हात आडवा केला. तिने पुन्हा आग्रह केला, पुन्हा नाही. आता कझाक माणूस भांडण करायला आला तरी आधी चहा पितो. हा माणूस तर या खोलीत एका बैठकीला पाच पाच वाट्या रिचवायचा.

तिने तिन्ही कागद शेजारी मांडले. तासाभराच्या उड्डाणांत सगळं चोख. तीन तासांच्या उड्डाणांतच, आणि तेही शेवटच्या काही मिनिटांत, विमान उधळलेलं. जमिनीवर टेकल्यावरही घाई. रौशानला तिचे वडील आठवले. शेवटी शेवटी बाजारात जायचं म्हटलं की ते आदल्या दिवसापासून पाणी पिणं बंद करायचे.

"आगा, लघवी आवरत नाही ना?" तिने कागदांकडेच बघत विचारलं.

आगांचे कान लाल झाले. बराच वेळ ते टोपी फिरवत राहिले. मग खुर्चीत बसले आणि हळूहळू सगळं बोलले. उतरायच्या आधी जाऊन आलं तरी वीस मिनिटांत पुन्हा तेच. डॉक्टरकडे गेलं तर वैद्यकीय मंडळाला कळणार, मंडळ जमिनीवर बसवणार.

"वेगापायी गेलो तर लोक म्हणतील, म्हातारा तापट होता," ते म्हणाले. "यापायी गेलो तर काय म्हणतील, तूच सांग, पोरी."

रौशानला हसू आलं आणि रागही आला.

"आणि खाली हंसांचा थवा काचेतून आत आला तर? तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही, आगा. तुम्ही नसालच. दानियारही नसेल. त्याच्या आईला मग काय सांगायचं?"

आगांनी खुलाशाचा कागद ओढला आणि तिला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. ती वळली. बाहेर एका विमानात सामान चढत होतं. मागे पेन थांबत थांबत चाललं होतं.

पावलं दाराकडे गेल्यावर तिने कागद उचलला. जुना खुलासा खोडला होता. खाली लिहिलं होतं: 'दानियारने वेग कमी करा असं दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. त्याचा दोष नाही. मला लघवीचा त्रास आहे. उपचार होईपर्यंत मला विमान देऊ नये.'

रौशानचे डोळे भरून आले. तिने कामवाटप कक्षाला फोन लावला आणि उद्याच्या अक्ताऊच्या उड्डाणावरून येरमुखान आगांचं नाव काढायला सांगितलं. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे पलीकडच्याचा विश्वास बसेना. कोणी काढायला सांगितलं, असं तो विचारू लागला.

आगा अजून दारातच उभे होते. ते परत आले आणि त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"मी सांगतोय," ते म्हणाले.