पोळ्याला धुतलेला बैल

लाकडाचा बैल आहे मी, चाकांवर चालणारा. बैलाने आपली हकीकत सांगावी का, याची मला खात्री नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

सुताराकडून मी वर्ध्याच्या मयुरीताईंच्या खोलीत आलो. तिथे चित्रं, माती, गाणी यांच्या आधाराने मुलांची दुखरी मनं मोकळी होत. आई वारल्यावर नातेवाइकांच्या घरोघरी फिरलेली वर्षाली तिथे यायची. शेवटी आंजी गावच्या आजीने, शकुबाईने, तिला आपल्याकडे आणलं होतं. पोर आजीच्या जवळही बसत नसे. ताई म्हणायच्या, "दोघी मिळून रंगवा. बोललं नाही तरी चालेल."

वर्षालीने मला पूर्ण काळा केला, डोळ्यांसकट. आजीला ते आवडलं नाही.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, ताईंनी मला वर्षालीला देऊन टाकलं. पोळ्याला बैल धुवायचा असतो. शकुबाईने मला नळाखाली धरून घासघास घासलं. काळा रंग गेला. मी ओरडायला हवं होतं का? बैल धुताना कधी ओरडत नाही.

वर्षाली बाहेरून आली. तिने मला पाहिलं. रडली नाही. आपले फ्रॉक पिशवीत भरून दारात उभी राहिली.

"आता कोनाकडे जायचं?"

शकुबाईने पिशवीकडे पाहिलं. मग चुलीवरच्या तव्याची काजळी तेलात कालवून आणली.

"माह्यं चुकलं वं बाई. बैल म्हटलं का हात धुवालेच जाते. मले रंगवता येत नाई, तू शिकव."

पोरीने काजळीत बोट बुडवून ते माझ्या डोळ्यावर टेकवलं. मग म्हणाली, "डोये बी काये."

"डोये बी."

"तू रागावली त मले पाठवून देशीन?"

"रागावीन. एखादा धपाटाबी देईन. पाठवनार नाई."

तान्ह्या पोळ्यात मारुतीच्या देवळापुढे सजवलेले बैल जमले. शेजारचे रूपराव मला पाहून म्हणाले, "हा बैल व्हय का जळलेलं लाकूड?" सगळे हसले. वर्षालीचा चेहरा पडला. आता ती मला छातीशी धरेल, असं मला वाटलं. नेहमी तसंच करायची. तिने मला टाकलं आणि धावत जाऊन आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

मी चिखलात उलटा पडलो होतो. शकुबाई एका हाताने तिची पाठ थोपटत रूपरावांना म्हणत होती, "तुमचा बैल गोरा हाय, त पाटील करा त्याले!" वर्षाली पदराआडून हसली.

माझं काम झालं होतं, असं ताई म्हणतील. मला एवढं कळत नाही. हल्ली मी आंजीच्या घरात फळीवर असतो. पोर अंगणात खेळते, पडली की आजीला हाक मारते. माझ्याकडे पाहत नाही. त्यात आनंद मानावा हे समजतं, जमत नाही.

तुम्ही कधी आलात तर मला तिच्या हाती देऊ नका. फक्त माझं तोंड अंगणाकडे वळवा.