भोपळेसरांचं विस्थापन

भोपळेसर हे काही सरांचं आडनाव नव्हतं. विज्ञानाच्या पेपरात एखाद्याला शून्य मार्क पडले की सर नुसतं शून्य काढून थांबत नसत. त्याला वर देठ काढत, देठाला एक पान काढत आणि मग तो पेपर उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवत. "बघा, यंदा पीक चांगलं आलंय." वर्ग हसायचा, कारण न हसणाऱ्याकडे सरांचं लक्ष जायचं. अर्ध्या गावाच्या नशिबी कधी ना कधी असा भोपळा आला होता, आणि गावानं त्याची परतफेड सरांच्या नावानं केली होती.

त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. बाईंनी आयुष्यात एक तास घेतला नव्हता. पण शिकवणी बाहेरच्या खोलीत चालायची आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकाचा ओटा होता. त्यामुळे गती, प्रकाश, घर्षण असे सगळे धडे त्यांच्या कानांवरून इतक्यांदा गेले होते, की पुढचं वाक्य कुठलं येणार हे त्यांना पोरांच्या आधी कळायचं.

त्यातलं एक उदाहरण तर त्यांच्यावरच होतं. सर ते दरवर्षी द्यायचे. "बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य. आता आमच्या घरचंच घ्या. आमची ही सकाळी स्वयंपाकघरातून निघते, दिवसभर घरभर फिरते आणि रात्री पुन्हा स्वयंपाकघरात. अंतर किती? भरपूर. विस्थापन?"

"शून्य!" पोरं ओरडायची.

"मग कार्य?"

"शून्य!"

हे वर्गात व्हायचं, शिकवणीत व्हायचं, पाहुण्यांसमोर व्हायचं. बाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या की हमखास व्हायचं. त्या हसायच्या. हसणं अंगवळणी पडलं होतं. एकदा एका चुणचुणीत मुलानं हात वर केला होता. "पण सर, घर्षण धरलं तर कार्य शून्य कसं येईल? काकूंची चप्पल तर झिजतेच ना?" सरांनी त्याला तासभर बाकावर उभं केलं आणि पुढच्या पेपरात पानासकट भोपळा दिला. तो मुलगा आज त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी सगळं पोटात घातलंही असतं. पण ताईचं झालं. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बाईंना हिनंच वाढवलं. ती अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला आणि बाई पिशवी भरून बाहेरच्या खोलीत आल्या. शिकवणी चालू होती.

"कुठे?" सरांनी विचारलं.

"ताईकडे. दोन दिवस राहून येते."

"येते म्हणजे? परत इथेच ना?"

"हो. म्हणजे काय?"

सर पोरांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर तो उदाहरण सापडल्याचा आनंद होता. "ऐकलंत? घरातून निघणार, घरीच परत येणार. विस्थापन?"

"शून्य!"

"शाबास. म्हणजे न गेल्यासारखंच. पिशवी ठेव आत आणि चहा टाक."

बाईंनी पिशवी ठेवली आणि चहा टाकला. तेव्हा का ठेवली, का तशाच चालू लागल्या नाहीत, हे त्यांनी स्वतःला पुढे हजारदा विचारलं. त्याच आठवड्यात ताई गेली. भावोजी म्हणाले, "शेवटपर्यंत दाराकडे बघत होती." बाईंनी त्यावर सरांना एका शब्दानंही बोल लावला नाही. मूग गिळले ते गिळले. पण ते मूग काही पचले नाहीत.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत राहिलं आणि त्यातला खवचटपणाही. त्यांचं बोलणं आता एकट्या बाईंना कळे. इतरांना नुसते घशातले आवाज ऐकू येत. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याला बोलू दिलं नाही, त्याला आता बायको दुभाषी म्हणून लागत होती.

त्यातही एक शब्द सरांचा वैरी झाला. 'शून्य' म्हणायला गेले की पहिल्या अक्षरावरच जीभ अडकायची. एकदा शेजारीण समाचाराला आली. सरांना तिला ते जुनं उदाहरण ऐकवायचं होतं. सगळी ताकद लावून ते शेवटच्या शब्दावर आले. "शू... शू..." शेजारीण घाईघाईनं उठली. "अहो, त्यांना लागलीय वाटतं. मी येते नंतर." सरांचे डोळे संतापानं लाल झाले. बाई भांडं घेऊन आल्या, तर त्यांनी डाव्या हातानं ते उडवून लावलं. बाईंनी फरशी पुसली.

मग एक दिवस मुख्याध्यापक घरी आले. शाळेच्या प्रयोगशाळेला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं. "सर, तुम्ही यायचंच. दोन शब्द बोलायचेच." सरांच्या गालावरून पाणी ओघळलं. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच रडले. या माणसाला आता आयुष्यात एवढंच हवं होतं. त्या व्यासपीठावर बसायचं, माईकसमोर तोंड उघडायचं आणि सभागृह हसवायचं.

"गाडी पाठवतो काकू," मुख्याध्यापक म्हणाले.

"नको. गाडीत चढवण्या-उतरवण्यात त्यांचे हाल होतात. शाळा काही लांब नाही. चाकांच्या खुर्चीतून मीच आणते."

त्या दिवसापासून घरात नवी शिकवणी सुरू झाली. बाई सरांसमोर आरसा धरायच्या. "जीभ वर न्या. टाळूला लावा. हं, आता ओठ गोल." सर चुकले की त्या पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या, आणि जरा जमलं की म्हणायच्या, "शाबास." सरांनी तीन वाक्यं ठरवली होती. पहिलं आभाराचं, दुसरं विद्यार्थ्यांच्या कौतुकाचं. तिसरं ते सांगेनात. त्याचा फक्त शेवटचा शब्द घोटून घेत होते, 'शून्य'. बाईंना वाटलं, आपल्या भोपळ्यांवर स्वतःच विनोद करणार असतील. म्हातारपणी माणूस निवळतो, असं वाटून त्यांना बरंही वाटलं. वेड्याच म्हणायच्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांनी तिसरं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवलं. एकेक शब्द दगडासारखा उचलत म्हटलं, पण म्हटलं. "वर्षभर... ही मला... उचलते. पलंगावरून... खुर्चीत. खुर्चीतून... पलंगावर. विस्थापन..." आणि ते थांबले. टाळ्यांसाठी जागा सोडतात तसे.

बाईंच्या हातातला आरसा खाली आला. त्यांची कंबर वर्षभर रोज रात्री शेकावी लागत होती. "हे वाक्य नको," त्या म्हणाल्या.

"का?"

"मी सांगते म्हणून. बाकी काय वाटेल ते बोला. एवढं गाळा."

"लोक... हसतील."

"मी नाही हसणार."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंचं म्हणणं त्यांना खरंच समजलं नव्हतं. "तू... कशाला... हसायला? ...लोक."

बाईंनी आरसा खुंटीला लावला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सरांची गुळगुळीत दाढी केली, परीटघडीचा पांढरा सदरा घातला, केस विंचरले. खोलीच्या मधोमध एक तडकलेली फरशी होती. तिच्यावर खुर्ची उभी करून त्यांनी सरांना तीत बसवलं आणि पट्टा आवळला. मग चाकांकडे जरा वेळ बघत राहिल्या. फाटकाशी शेजारीण भेटली.

"आज कार्य वाटतं?"

"हो ना," बाई म्हणाल्या. "मोठं कार्य आहे."

शाळेकडे जाणारा रस्ता उताराचा होता. अर्ध्या उतारावर बाईंनी मूठ जरा सैल सोडली. खुर्ची आपोआप पळायला लागली, आणि मग त्यांनी एकदम ब्रेक दाबला. खुर्ची थांबली, सर थांबले नाहीत. पट्टा पोटात रुतेपर्यंत ते पुढे गेले.

"जडत्व," बाई म्हणाल्या.

सरांना हसू आलं. बायकोला एवढं समजतं याची त्यांना गंमत वाटली.

शाळेच्या फाटकावर सरांच्या नावाचा कापडी फलक होता. आतून माईक तपासल्याचा आवाज येत होता. सरांनी डाव्या हातानं सदऱ्याची कॉलर नीट केली. आणि खुर्ची फाटकासमोरून सरळ पुढे गेली. सरांना वाटलं, मागच्या दारानं नेत असेल, तिकडे पायऱ्या नाहीत. मागचं दारही गेलं. तेव्हा त्यांच्या घशातून आवाज निघाला.

"मा... मागे! शाळा... मागे!"

"माहीत आहे मला."

सरांनी चांगला पाय खुर्चीवरून खाली सोडला आणि बूट रस्त्यावर दाबून धरला. खुर्ची खरखरत हळू झाली. बाईंनी वाकून बघितलं. "घर्षण गतीच्या उलट दिशेनं लागतं. बरोबर केलंत. पण बल कमी पडतंय हो तुमचं." आणि त्यांनी सगळा भार टाकून खुर्ची ढकलली. बुटाचा तळ खरवडला जात राहिला, आणि कोपऱ्यावर पाय दमून आपसूक वर आला.

समोरून एक वकीलबाई लगबगीनं येत होत्या. त्याही सरांच्याच विद्यार्थिनी. "अगंबाई, सर! कार्यक्रम सुरू होतोय, आणि तुम्ही इकडे कुठे?"

"ने... आत ने... मला..." सर तिचा हात धरायला धडपडले. "ही... नेत नाही..."

"काय म्हणतायत काकू?"

बाईंनी शाळेकडे वळून बघितलं. या एका क्षणी त्या मागे फिरू शकल्या असत्या, आणि हे त्यांना पुरतं कळत होतं. "म्हणतात, तू हो पुढे. आम्ही जरा चक्कर मारून येतो."

"डोळे भरून आलेत बघा सरांचे!"

"येणारच. दिवसच तसा आहे."

वकीलबाईंनी सरांचा हात प्रेमानं थोपटला आणि त्या गेल्या. सर मान वळवता येईल तेवढी वळवून तिच्या पाठीकडे बघत राहिले. बाईंना दया आली नाही. यायला हवी होती असं त्यांना वाटलं, त्यांनी थोडी वाटही बघितली, पण आली नाही.

मग बाजाराची गल्ली, दवाखान्याचा चौक, पाण्याची टाकी. बाईंनी सरांना सगळं गाव फिरवलं. चढावर त्यांना धाप लागली, कंबर बोलायला लागली, तरी थांबल्या नाहीत. दुसऱ्या बाजूनं त्या घरी आल्या आणि खुर्ची त्याच तडकलेल्या फरशीवर आणून उभी केली. चाकं इंचभर पुढे गेली होती, ती मागे घेतली. ब्रेक लावला.

फोन वाजला. मुख्याध्यापक होते.

"निघालो होतो हो," बाई म्हणाल्या. "पण परत आलो. नाही, नाही, तब्येत आहे तशीच. कार्यक्रम थांबवू नका. आणि माणूस पाठवू नका, त्यांना आता पडू दे."

खिडकीतून शाळेतल्या भोंग्याचा आवाज घरात येत होता. कुणीतरी सरांच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणीतरी त्यांच्या भोपळ्याची नक्कल केली. लोक खो खो हसले. सर खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. त्यांच्या वाकड्या ओठांतून लाळ सदऱ्यावर गळत होती. बाईंनी ती पुसली आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"ताईकडे निघाले होते, तेव्हा तुम्ही एक शिकवलं होतंत. जाऊन परत घरीच यायचं, म्हणजे न गेल्यासारखंच. आठवतंय?"

सरांनी डोळे मिटले.

"डोळे उघडा. वर्गात झोपायचं नाही. घरातून निघालो, शाळेवरून गेलो, गाव फिरलो आणि घरी आलो. अंतर किती? भरपूर. विस्थापन?"

बाहेर टाळ्या पडत होत्या. सरांनी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांनी शिकवल्याप्रमाणे जीभ वर नेली, टाळूला लावली, ओठ गोल केले.

"शून्य," ते म्हणाले.

कुठेही न तुटता, स्वच्छ, वर्गात म्हणायचे तसं. झटका आल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच पुरता निघाला होता. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. जमल्यावर बाई दरवेळी जे म्हणायच्या, ते ऐकायला ते थांबले होते.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"शू आली होय?" त्या म्हणाल्या. "थांबा हं, भांडं आणते."