फाटकाजवळचं झुडूप

बत्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी फाटकाशी ते झुडूप लावलं, तेव्हा ते जेमतेम गुडघ्याएवढं होतं. लेकीने त्याच दिवशी बजावलं, “बाबा, हे दोन पुरुष उंच होणार आणि तेवढंच पसरणार. रोपाच्या चिठ्ठीवरच लिहिलंय.”

“लिहिणाऱ्याचं काय जातंय!” मास्तरांनी उडवून लावलं.

सहा वर्षांत झुडपाने अर्धी वाट गिळली. लेक छाटायला आली की मास्तर आडवे यायचे. “आत्ता नको. कळ्या जुन्या फांदीवर धरतात.” ते खरंही होतं, त्यामुळे ती दात-ओठ खाऊन परत जायची.

एका सकाळी मास्तर गाडी मागे घेत होते. आरशात नुसती पानं. ‘दिसत नसेल तर उतरून बघा,’ हे हजारदा शिकवलेलं. पण वाट सवयीची होती.

“थांबा! थांबा!” रस्त्यावरून पोस्टवाली किंचाळली.

मास्तरांनी ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी थांबवली. इंजिन बंद पडलं. कसेबसे उतरून मागे गेले, तर चाकापासून वीतभरावर, झुडपाखाली, त्यांची चार वर्षांची नात, टिकली, उकिडवी बसलेली.

“आजोबा, हळू ना! गोगलगाय घाबरली.”

लेक धावत आली, टिकलीला उचललं, आत ठेवून आली ती करवत घेऊनच.

“पानं गळेपर्यंत थांब,” मास्तर म्हणाले. “मग मी मुळासकट मागे हलवतो त्याला.”

“आणि तोवर?”

त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने करवत भिंतीला टेकवली.

पानगळ झाल्यावर मास्तर एकटेच खणायला लागले. दुसऱ्या दिवशी मुळांचा मातीसकट गड्डा सुटला, पण हलेना. लेक न बोलावता आली. गोणपाटाचं एक टोक तिने धरलं, एक त्यांनी, आणि दोघांनी तो घरामागच्या मोकळ्या जागेत ओढत नेला.

पालवी तीन आठवडे उशिरा फुटली, तीही एकाच बाजूला. त्या वर्षी फूल एकही आलं नाही. वाळलेली बाजू लेकीने करवतीने कापली. मास्तर खाली पडलेल्या फांद्या गोळा करत राहिले.