खाटेखालचा कांदा

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे देवचंद, सोनगीरचे कांदा पिकवणारे शेतकरी. घरात कुणाला ताप आला की ते खाटेखाली कापलेला कांदा ठेवणार. कांदा रोग ओढून घेतो आणि काळा पडतो, हे त्यांचं शास्त्र. मला हसू यायचं. आज धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात सडका कांदा, ओली माती असं काही?" तेव्हा माझं हसू पळालं.

माझ्या मृणालीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीत सारखा चिकट कफ. गेल्या वर्षी तिला दुसऱ्या कुणाची तरी फुप्फुसं बसवली. शरीराने ती नाकारू नयेत म्हणून तिची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलीय. आणि आता तिथे सडक्या कांद्यात, ओल्या मातीत वाढणारा असा जंतू निघाला, जो बहुतेक औषधांना दादच देत नाही.

"कांद्यातूनच आला असं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "जुनाच लपून बसलेला असेल. पण आजच मुंबईला हलवा."

माझ्या डोक्यात फक्त कांदा राहिला. आबांना काय काय सुनावायचं ते घोकतच मी घरी आले.

मृणालीने माझं तोंड पाहूनच ओळखलं. या आजाराचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"आई, तो कांदा मी रोज खिडकीबाहेर फेकायचे. आबांना काही बोलू नकोस."

धादांत खोटं! आजच सकाळी तिच्या खाटेखाली झाडताना काळी पडलेली फोड माझ्या झाडूला लागली होती. पोरीला धड श्वास घेता येईना, आणि काळजी कुणाची, तर म्हाताऱ्याची. मला राग आला आणि रडूही. मी नुसतं "बरं" म्हटलं.

गाडी दारात आली. आबा फडक्यात कांदा बांधून घाईघाईने आले.

"हाऊ संगे ठेव, माय. बठ्ठा ताप वढी लेस."

मी तो हिसकावणारच होते. मृणालीच लांबून म्हणाली, "आबा, तुमनाच जोडे ठेवा. आठेनच वढा." म्हणजे कांदा त्यांच्याचजवळ राहील आणि ताप इथूनच ओढला जाईल.

"इतला लांबथून वढाई का?"

"तुम्ही धरशात ते वढाई."

गाडी निघाली. आबा ओट्यावर दोन्ही हातांत कांदा धरून बसले होते. वळणापर्यंत ते दिसत राहिले.

"त्यांना कधीच सांगू नकोस," मृणाली म्हणाली. "मी परत आले नाही, तरी."

या वेळी मला "बरं" म्हणता आलं नाही.