आधी आंघोळ, मग लेक

मी एक जुना सुती गाऊन. माझा रंग एके काळी निळा होता. आता बघाल तर राखाडीच म्हणाल.

दुकानात मी बरेच दिवस घडीतच पडून होतो. बाईने मला उचललं, गालावर घासून बघितलं आणि म्हणाली, "हा बरा आहे, बाळाला टोचणार नाही." तिच्या अंगावर मी कसा दिसेन, हे तिने आरशात पाहिलंसुद्धा नाही.

बाई बेकरीत कारागीर. लोणी फेटायचं, दुधाची पावडर चाळायची, केकवर मलईची फुलं काढायची. आणि तिच्या लेकीला दूध चालत नव्हतं. चालत नव्हतं म्हणजे किती? तर दुधाचा नुसता चमचा लागला तरी गालावर गांधी उठायच्या. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण रांगायला लागल्यापासून ती एका जागी ठरलीच नाही.

अंगावर पिणारी लेक, म्हणून बाईने स्वतःही दूध सोडलं, लोणी सोडलं. बेकरीचे मालक म्हणायचे, "चव न घेता मलई जमवणारी कारागीर जन्मात पहिल्यांदा बघतोय!" घरी भिंगरीला आजी सांभाळायची, म्हणजे बाईची सासू. ती म्हणायची, "लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. आपल्याकडे ताकही नको नि फुंकरही नको."

बाईने घराला एक नियम घालून दिला होता. आधी आंघोळ, मग लेक. कामाचा डगला बेकरीतच ठेवून ती यायची, तरी केसांत, कानामागे पांढरी भुकटी असायचीच. ती मागच्या दाराने आत शिरायची. दार वाजलं की भिंगरी असेल तिथून सुसाट निघायची, हात वर करायची, आणि बाई तिच्याकडे न बघताच न्हाणीघरात पळायची.

"बघितलं की पाय निघत नाही हो," असं ती एकदा आजीला म्हणाली होती.

मग दारावर बाहेरून इवले तळवे आपटायचे आणि आतून बाई पाणी ओतता ओतता ओरडायची, "आले गं राणी! हे बघ, आलेच!" न्हाणीघरातल्या खुंटीवरून ते ऐकताना माझा जीव वरखाली व्हायचा. ओल्या अंगावरच ती मला चढवायची. बटणं चुकायची. दार उघडायचं, आणि भिंगरी तिच्या कडेवर चढून माझा डावा खांदा तोंडात धरायची. दात येत होते ना! त्या ओल्या खांद्यासाठी मी दिवस काढायचो.

बाईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस मनाने लोणी. या घरात असं म्हणू नये, पण आहे खरा. एकदा बेकरीत कामाचा रगाडा होता आणि बाईच्या डगल्याची शिवण उसवली. तो बेकरीवरूनच घरी निघाला होता. म्हणाला, "आण, मी घरी जाऊन टाचतो. तू ये मागून." घरी आला, हात धुवायला न्हाणीघरात शिरला आणि हातातला डगला सवयीने टांगला थेट माझ्यावर.

"अरे बाप रे!" लगेच त्याच्या लक्षात आलं. त्याने डगला काढून पिशवीत कोंबला, मला हाताने दोनदा झटकलं आणि पुटपुटला, "झालं साफ." कुणाला काही बोलला नाही. माणसांचं मी हे पाहिलं आहे, डोळ्यांना दिसेनासं झालं की त्यांना वाटतं, गेलं.

बाईने मला घ्यायला हात घातला तेव्हा मी खुंटी घट्ट धरून ठेवली. तिला वाटलं, कुठेतरी अडकला. तिने ओढलं. कापडाचं बळ ते केवढं!

भिंगरीने नेहमीसारखा खांदा चोखला. थोड्या वेळात तिचे ओठ सुजले, डोळे मिटत आले, श्वासाबरोबर शिट्टी वाजू लागली. मला अंगावर घेऊनच बाई दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी सुई टोचली, एक दिवस ठेवून घेतलं, आणि पोर हसत घरी आली.

बाई मात्र हसली नाही. ती काथ्याने हात घासायची, लाल होईतो. आंघोळ झाली तरी पुन्हा आंघोळ. आणि मग मला घालून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसायची. भिंगरी येऊन माझा काठ धरायची, तर बाई एकेक बोट सोडवायची. माझा खांदा कोरडा पडला.

"माझ्या अंगातच मुरलंय ते," एका संध्याकाळी ती म्हणाली. "उद्या मालकांना सांगते, मी येत नाही."

"अगं, पोरीला दूध बाधलं, तू नाही बाधलीस," आजी म्हणाली.

"पण आणलं कुणी ते? माझ्याच हातांनी ना?"

"मी आणलं," नवरा दारातून म्हणाला.

"काय?"

"तुझा डगला. त्या दिवशी तुझ्या गाऊनवर टांगला. मग... मग झटकला मी गाऊन."

"आणि आज सांगतोयस?"

"तू इतकी रडत होतीस, माझी जीभच उचलेना."

"मी का रडत होते, ते माहीत होतं तुला!"

"झटकून जायला ती काय गुडघ्याची माती होती का रे?" आजी लेकाला म्हणाली आणि भिंगरीला घेऊन बाहेर गेली. बाई भिंतीकडे तोंड करून बसली. नवरा तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला उकळत्या पाण्यातून काढलं आणि उन्हात वाळवलं. बाई कामावरून आली, न्हाली, मला घालून जमिनीवर बसली आणि तिने हात पसरले. भिंगरी हलली नाही. आजीचा पाय धरून नुसती बघत राहिली. बाईने हाक मारली नाही, हात मात्र खाली केले नाहीत. शेवटी भिंगरी निघाली. थांबत, मागे बघत आली. आणि तिने माझा खांदा असा करकचून चावला की बाई हसत रडली.

बाईने काम सोडलं नाही. भिंगरी आता शाळेत जाते. दूध तिला अजून चालत नाही. मी विरलो, म्हणून खुंटीवर नवा गाऊन आला आहे, आणि मी भिंगरीच्या अंथरुणात असतो. दुपारी ती माझी बाही गळ्याभोवती घेते नि आजीला विचारते, "आई आली?"

"येईल गं. झोप तू."

ती डोळे मिटते, बाही आणखी जवळ ओढते. बाई, तुझा वास माझ्यात थोडासाच उरलाय, आणि माझ्या बाहीत हात नाहीत. तू लवकर ये.