हिमज्योतीचा कौल

"पेटली! प्रणवची पेटली!"

गोठलेल्या तळ्यावर तीस जण एकदम ओरडले. बर्फातून कमरेएवढी ज्वाळा उसळली, क्षणभर डोलली आणि विझली. प्रणव गुडघ्यांवर बसून रडत होता. "माझा पीआर होणार, राजस! इथं कायमचं राहायला मिळणार!" म्हणत त्यानं मला मिठी मारली. आदल्या दिवशी माझीही ज्योत पेटली होती. ही काहीतरी युक्ती असणार हे ओळखूनही मी सुखावलो होतो. ही लाज आधीच सांगून टाकतो.

युनिव्हर्सिटीच्या रीडिंग वीकच्या सुट्टीत कॅनडातल्या विनिपेगहून तीन तासांवरच्या या शिबिरात आम्ही आलो होतो ते बर्फातून चालायला, प्राण्यांचे माग ओळखायला, ओल्या लाकडाची शेकोटी पेटवायला शिकण्यासाठी. दुसऱ्याच दिवशी वादळानं रस्ता बुजवला. निसर्गाशी नातं जडावं म्हणून फोन आधीच कपाटात बंद झाले होते. उरलं ते पांढरं आकाश, पांढरी जमीन आणि त्या दोहोंमधल्या फटीत शिबिरप्रमुख विश्वनाथजींचा आवाज.

"ही हिममाता! चार हजार वर्षं इथं तप करतेय. कुणासाठी? तुमच्यासाठी! इमिग्रेशनवाले कागद बघतात, माता काळीज बघते!"

बर्फात अडकलेल्या पांढऱ्या बुडबुड्यांवर ते सकाळीच कुंकू लावून ठेवत. दुपार कलली, उजेड मंदावला की एकेकाचं नाव पुकारून त्याचा बुडबुडा दाखवत, बर्फ फोडायची टोकदार सळई (तिचं नाव त्रिशूळ!) त्यात खुपसत आणि वर लायटर धरत. ज्याची ज्योत पेटली त्याची फाइल पास. ज्याची पेटली नाही त्याच्यात दोष.

आमच्यातल्या कृतिकाची पेटली नव्हती. पहिल्याच दिवशी सकाळी, ते विधी समजावत असताना, तिनं विचारलं होतं, "सर, माता लायटरशिवाय का नाही पेटत?"

दोष उतरेपर्यंत औषध वर्ज्य, असा कौल निघाला. तिच्या फिटच्या गोळ्यांची डबी विश्वनाथजींच्या जॅकेटच्या खिशात गेली. ती द्यायला तयार नव्हती. आम्हीच तिला घेरलं. "दे ना गं," अक्षता म्हणाली होती, "तुझ्यामुळे आमचा सगळ्यांचा कौल फिरेल."

आज शिबिराचा तिसरा दिवस. सकाळी कृतिकाचा हात आपोआप उडाला आणि चहाचा मग भिंतीवर फुटला.

"गेल्या विंटरला दोनच दिवस गोळी चुकली," तुकडे गोळा करताना ती पुटपुटली, "तर बसस्टॉपवर पडले. तिथं ॲम्ब्युलन्स आली तरी. इथं कुठून येणार, राजस?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिच्याकडे पाहण्याचं धैर्य नव्हतं.

आणि आता तळ्यावर विश्वनाथजी गरजले, "कृतिका! माता दुसरी संधी देतेय. हा तुझा बुडबुडा."

"थांबा सर. आधी अक्षताची होऊ दे. मला नीट ऐकायचंय."

अक्षताच्या बुडबुड्यात सळई गेली. कृतिका कान लावून वाकली, ज्वाळा उठताच मागे सरली आणि खो खो हसत सुटली.

"आधी फुस्स, मग भप्प! अहो, हा तर गोबरगॅस!"

"मातेचा अपमान करतेस?"

"अपमान कसला? आमच्या कागलला हीच माता परसात रोज चहा उकळते! तिथं टाकीत शेण कुजतं, इथं तळाशी पालापाचोळा. गॅस वर येतो, बर्फ त्याला अडवतो. झालं."

"दोषी हातानं पेटणार नाही!"

"बघू या की." तिनं सळई आणि लायटर जवळजवळ हिसकावूनच घेतले. वीस पावलांवर, जिथं कुंकवाचा ठिपकाही नव्हता, तिथला भुसभुशीत बर्फ बुटानं सारला. खाली भाकऱ्यांच्या चवडीसारखे बुडबुडे एकावर एक गोठलेले. एक घाव, एक ठिणगी. प्रणवच्या ज्वाळेहून हातभर उंच ज्वाळा उठली.

प्रणव वळून आपल्या विझलेल्या बुडबुड्याकडे पाहू लागला.

"मग परवा का नाही पेटली?" अक्षतानं हळूच विचारलं.

तेव्हा कुठे माझे पाय हलले. कृतिकासाठी राखलेल्या बुडबुड्यावरचं कुंकू मी नखानं खरवडलं. खाली सुईएवढं छिद्र होतं, आरपार. गॅस सकाळीच निघून गेला होता. शेजारच्या चार बुडबुड्यांवरचं कुंकू खरवडलं. छिद्र एकातही नव्हतं.

"मी तर... तुमचं मनोबल वाढावं म्हणून..." विश्वनाथजी अडखळले.

"मनोबल राहू द्या, सर," अक्षतानं हात पुढे केला. "गोळ्या काढा. आणि कपाटाची किल्ली."

डबी हाती येताच कृतिकानं आधी गोळ्या मोजल्या. "चुकलेल्या डोसचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारते," ती म्हणाली. कपाटातून काढलेला तिचा फोन लागला. मी थर्मासचं झाकण उघडून उभा राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच गोळी तिनं घेतली.

रस्ता आणखी दोन दिवस बंदच होता. पण आम्हाला कोंडलं होतं ते बर्फानं नव्हे. नकाराच्या एका पत्राच्या भीतीनं. त्या भीतीच्या बदल्यात आम्ही एका मुलीचा जीव टांगणीला लावला होता.

म्हणून वाचकहो, एवढंच मागणं आहे. चमत्कार दिसला तर अवश्य पाहा; पण आधी त्यावरचं कुंकू खरवडून पाहा. आणि कुणी औषध सोडायला सांगितलं, तर ज्योत पेटो वा न पेटो, सोडायचं ते त्याला.