अमृतरावांनी सोडलेला कोठा

"मामाजी, हा कोठा राहिला," मी पडद्यावर बोट ठेवलं.

"राह्यला नाई, सोडला म्या. कोठा म्हंजे घर नोय."

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे अमृतराव, महसूल खात्यात गिरदावर होते, गावोगाव फिरून पिकांच्या नि घरांच्या नोंदी तपासणारे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण गिरदावरी काही अंगातून गेली नाही. घरात भाजी किती शिजली याचासुद्धा पंचनामा करतील! पैनगंगेला पूर आला तेव्हा मी दुकान बंद ठेवून लॅपटॉपवर नकाशाच्या कामाला बसले होते. उपग्रहाच्या जुन्या फोटोवर घरं टिपायची. त्यावर पुराचं पाणी चढवलं, की बोटवाल्यांना कळायचं, कुठल्या घरांकडे आधी जायचं. पुण्याची, केरळची, कुठकुठची माणसं आपापल्या घरी बसून हे करत होती. मामाजी चष्मा पुसत शेजारी येऊन बसले नि तासाभरात माझ्या हातून माऊसच काढून घेतला.

आमच्या वाट्याला आलेलं नदीकाठचं गाव त्यांच्या नोकरीतल्या फिरतीचं निघालं. काय सांगू, माणूस खुलला! "हे पाय, हा मारोतीचा पार. याच्या मांगं चार घरं हायेत, झाडाखाली दिसत नाईत." बाहेरच्या लोकांना जिथे नुसती चिंच दिसायची, तिथे यांना घरं दिसायची. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? म्हणून शेतातले कोठे त्यांनी सोडले तेव्हा मी एकदाच विचारलं. कोठा म्हणजे बैल नि अवजारं ठेवायची जागा. पंचनाम्यात तो घरात धरत नाहीत, तीस वर्षं यांनीही धरला नव्हता. मला ते पटलं. चूक माझीही आहेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गावच्या भारतचा फोन आला. मामाजींच्या ओळखीचा. मी स्पीकर लावला.

"सायब, काल सांजीले बोट आली, गावातले समदे निंगाले. डोमाजी नि बयनाबाई लेकीकडं गेली असन, असं वाटलं आमाले. आता पायतो तं कोठ्यावर लुगडं हालून राह्यलं! बोटवाले मनते, धार मोठी हाये, नकाशात तिकडं घरच नाई, काहाले जाचं?"

मामाजींनी चष्मा काढून ठेवला.

"पावसाळाभर तिथंच राह्यते ते," ते म्हणाले. "डुकरं पीक खाते म्हून. म्या च्या पेलो त्या कोठ्यात. दरसाल पेलो."

त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला. ते सांगत गेले, मी टिपत गेले. मनकर्णाचा कोठा, लेकरं घेऊन राहते. नाल्याकाठचा करणचा. असे बावीस कोठे निघाले. आमच्या गटाचं काम बघणाऱ्या प्रणिताला मी फोनवर अक्षरशः ओरडले, तेव्हा बोट तिकडे वळली.

बयनाबाई एकटीच सापडली. पहाटे भिंत खचली, भिंतीबरोबर डोमाजी पाण्यात गेला होता.

चार दिवसांनी मामाजी तिला भेटायला निघाले, मीही बरोबर गेले. पूरग्रस्तांना शाळेत ठेवलं होतं. वाटेत मी म्हटलं, "सांगता कशाला? तिला काय कळणार, नकाशात कोणी काय सोडलं?"

"मले कळते ना," ते म्हणाले.

बयनाबाई सतरंजीवर बसली होती. आम्हाला बघून तिने हात जोडले. "सायब, तुमीच बोट धाडली मनते."

"धाडली नाई, बाई. म्याच अडवली. तुमचा कोठा म्या घरात धरला नाई. धरला असता तं आदल्या सांजीलेच बोट आली असती. डोमाजी राह्यला असता."

ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मामाजी उभेच होते.

"आता धरला?" तिने विचारलं.

"धरला."

"पन तिथं आता काईच नाई, सायब. भिंतीबी गेल्या."

"तरी धरला."

तिने मान हलवली. "दोघं होतो आमी तिथं. दोघं लिवा."

नकाशात माणसांची नावं लिहायला जागाच नव्हती. मामाजी तिच्यासमोर खाली बसले, खिशातला पेन काढला. कागद नव्हता, म्हणून तळहातावरच लिहिलं: डोमाजी, बयनाबाई. तिने ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.